घारीनं नेलेला विस्तव
आमच्या कन्हानला उन्हाळ्यात गव्हाची धसकटं पेटवली, की धूर पाहून घारी जमत. ओढ आगीची नव्हे. जाळापुढं पळणाऱ्या उंदरांची, टोळांची. एका वर्षी आग धुऱ्यापलीकडं गेली अन् शेजाऱ्याची कुटाराची गंजी जळाली.

"घारीनं जळती काडी नेली जी," सालदार सांगत राहिला. सारे हसले. बाबांनी त्याचं साल मोडलं.

२०१७ साली उत्तर ऑस्ट्रेलियातल्या शिकारी पक्ष्यांवर एक शोधनिबंध निघाला. तिथले आदिवासी पिढ्यानपिढ्या सांगत आलेत: घार जळती काटकी उचलून पुढच्या गवतात टाकते, लपलेलं भक्ष्य बाहेर काढायला. जात आपल्याच घारीची.

त्या दिवशी वाराही होता, हे खरं. पण मी धुऱ्यावरच होतो. घार जाळाकडं झेपावताना पाहिली होती. बाबांपुढं बोललो नाही.