ट्रॅक्टर गेला, माणूस राहिला

शेतकऱ्याचा बैल दगावला म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, ही गोष्ट शहरातील माणसालाही ऐकून ठाऊक असते. परंतु यंत्रासाठीही माणूस तसाच हळहळतो, हे त्याच्या सहसा ध्यानी येत नाही. वीस-तीस वर्षे एकाच शेतात राबलेला ट्रॅक्टर एखाद्या दिवशी बांधावरून घसरतो, ओढ्यात उलटा पडतो, त्याचे धड दुभंगते, आणि मिस्त्री मान हलवून सांगतो की आता याचे काही होणे नाही. धन्याला त्या वेळी जे दुःख होते ते निव्वळ पैशाचे नसते. त्या इंजिनाचा आवाज त्याच्या कानांच्या ओळखीचा झालेला असतो. दर खंडेनवमीस त्याला हळदकुंकू वाहिलेले असते. थोरल्या मुलाने त्याच बैठकीवर बसून चाक धरावयास शिकलेले असते.

मात्र या दुःखालाही एक इतिहास आहे. गाडीसाठी हळहळावयास धनी मागे उरावा, ही गोष्ट तशी अलीकडची होय. ट्रॅक्टरच्या पहिल्या चार-पाच दशकांत पुष्कळदा नेमके उलट घडे. यंत्र उलटले की धनी त्याखाली चिरडून मरे, आणि यंत्र मात्र दोर लावून सरळ केले की पुढच्या हंगामास पुन्हा शेतात उतरे. हा क्रम कसा पालटला, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी इंग्लंडकडे येणारी धान्याची जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला. गावातील तरुण आणि घोडे दोन्ही रणांगणावर गेलेले. मग जमीन नांगरावी कोणी? अशा अडचणीत ब्रिटिश सरकारने अमेरिकेतील हेन्री फोर्ड याच्याकडे हजारो ट्रॅक्टरांची मागणी नोंदविली, आणि १९१७ साली ‘फोर्डसन’ बाहेर पडला. तो लहान, हलका व स्वस्त होता. १९२२ मध्ये तर त्याची किंमत ३९५ डॉलरांपर्यंत खाली आली. ज्याने जन्मात घोड्यापलीकडे दुसरे बळ पाहिले नव्हते, अशा सामान्य शेतकऱ्याच्या दारी यंत्र आले ते प्रथम या फोर्डसनच्या रूपाने.

पण या यंत्राच्या अंगी एक भयंकर खोड होती. नांगर ओढणारा घोडा किंवा बैल, फाळ दगडात अथवा झाडाच्या बुंध्यात अडकला की आपोआप थांबतो. अडथळा त्याला खांद्यावर जाणवतो. यंत्राला खांदा नाही. फाळ अडकला तरी इंजिन आपला जोर लावीतच राहते. मागील चाके फिरेनाशी झाली की तोच जोर यंत्राचे धड आसाभोवती फिरवू लागतो, आणि बिथरलेल्या घोड्याप्रमाणे ट्रॅक्टर पुढची चाके उचलून उभा राहतो. तेथून तो मागे बसलेल्या चालकाच्या अंगावर पालथा पडण्यास एक-दोन सेकंदही पुरतात. काय घडते आहे हे उमगून क्लचवर पाय पडेपर्यंत बहुधा सारे संपलेले असे. फोर्डसनचे पुढचे अंग हलके असल्यामुळे असे मृत्यू वारंवार घडू लागले, आणि १९२० नंतर अमेरिकेत त्याविरुद्ध मोठी ओरड झाली. पुढे मागील चाकांवर लांबट मडगार्ड बसविण्यात आले. हेतू हा की यंत्र उभे राहू लागताच ती टोके जमिनीस टेकावी आणि ते तेथेच अडावे.

या प्रश्नाच्या मुळाशी ज्याने हात घातला तो आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन. १८८४ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाने १९०९ च्या डिसेंबरअखेर स्वतः बांधलेले विमान आयर्लंडमध्ये उडवून दाखविले होते. १९१७ मध्ये सरकारने आयर्लंडातील ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविली. शेतोशेत हिंडताना त्याच्या ध्यानी आले की, नांगर हा यंत्रामागे साखळीने बांधलेला वेगळा जिन्नस राहता कामा नये. दोहोंचे मिळून एकच शरीर झाले पाहिजे. अनेक वर्षे खटपट करून त्याने तीन दांड्यांची जोडणी सिद्ध केली. खालचे दोन दांडे नांगर ओढतात; फाळ अडखळला की वरचा तिसरा दांडा यंत्रास पुढे रेटतो, आणि पुढची चाके उचलली जाण्याऐवजी जमिनीवर दाबली जातात. १९३८ साली फोर्ड व फर्ग्युसन यांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला, पुढे दोघांचे बिनसले आणि प्रकरण न्यायालयात गेले. तीन दांड्यांची ती जोडणी मात्र आज जगभरच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या पाठीशी दिसते.

१९४६ पासून १९५६ पर्यंत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे फर्ग्युसनचे करड्या रंगाचे लहानखुरे ट्रॅक्टर पाच लाखांवर तयार झाले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचला तोही याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून. इंग्लंड-आयर्लंडातील कुटुंबांनी या करड्या यंत्रावर घरच्या जनावरासारखी माया केली, आणि त्याला लाडकी नावे ठेविली.

तरीही अपघात थांबले नाहीत. नांगराचे भय पुष्कळ कमी झाले, परंतु उतारावर आडवे जाताना, चराच्या काठावरून वळताना, किंवा लाकडाचा ओंडका उंचावर साखळी बांधून ओढताना ट्रॅक्टर पूर्वीसारखाच उलटे. आणि वर बसलेल्या माणसास आडोसा असा काहीच नसे.

येथे स्वीडनमधील लोकांनी विचाराची दिशाच बदलली. यंत्र उलटूच नये म्हणून झटणे योग्यच. पण ते कधीतरी उलटणारच असे धरून चालले तर काय करता येईल, असा प्रश्न त्यांनी केला. बैठकीभोवती पोलादी चौकट उभारावयाची आणि सुमारे दोन टन वजनाचा ठोकळा साखळ्यांनी टांगून, झोका देऊन तिच्यावर आदळावयाचा. चौकट वाकली तरी हरकत नाही. चालकाच्या देहापुरती जागा शाबूत राहिली पाहिजे, ही कसोटी. १९५९ साली स्वीडनने कायदा केला की अशा चौकटीवाचून नवा ट्रॅक्टर विकता येणार नाही. पुढे जुन्या ट्रॅक्टरांसही हे बंधन लागू झाले आणि त्या देशात उलटलेल्या ट्रॅक्टरखाली होणारे मृत्यू जवळजवळ नाहीसे झाले. ब्रिटनने १९७० मध्ये नव्या ट्रॅक्टरांसाठी असाच नियम अमलात आणला. अमेरिकेतील कारखानदारांनी १९८५ पासून वीस अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांवर चौकट बसविण्याचे आपण होऊन मान्य केले.

या चौकटीचा धर्म ध्यानात घेण्यासारखा आहे. आघात सोसून ती स्वतः वाकते. म्हणूनच एकदा वाकलेली चौकट ठोकून सरळ करून पुन्हा वापरू नये, असा दंडक आहे. चौकट असेल तर चालकाने पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर तो बाहेर फेकला जाऊन तिच्याच खाली सापडावयाचा. चौकट नसेल तर मात्र पट्टा बांधू नये, कारण मग उडी मारून सुटण्याची आशाही उरत नाही.

इतके होऊनही जुने ट्रॅक्टर चौकटीवाचून चालतच राहिले, आणि त्यास कारण काही अंशी मायाच होय. चांगला ट्रॅक्टर अर्धे शतक टिकतो. वडिलांच्या हातचे यंत्र मोडीत घालवत नाही. त्याच्या किमतीच्या मानाने चौकटीचा खर्च जड वाटतो. आणि फळबागेत ती फांद्यांना अडते, अशीही तक्रार असते. ज्याच्यावर माणसाचा इतका जीव, तेच यंत्र अशा रीतीने त्याच्या जीवावर उठते.

आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होऊ लागले ते १९५९ पासून. मुंबईनजीक कांदिवलीस १९६५ मध्ये हे काम सुरू झाले. आज महाराष्ट्रात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्तोरस्ती दिसतात. कठडा नसलेल्या विहिरी, खचलेले बांध, मडगार्डवर बसविलेली मुले, हे सारे जेथे नित्याचे आहे, तेथे चौकट आणि पट्टा यांवाचून धावणाऱ्या यंत्रांची संख्या अजून मोठी आहे.

यंत्रावर प्रेम करू नये, असे कोणी म्हणणार नाही. ज्याने अन्न दिले त्याविषयी कृतज्ञता असणे हे माणुसकीस धरूनच आहे. परंतु खंडेनवमीस ज्याला हार घालावयाचा, त्याच्या पाठीवर पोलादाची एक चौकटही चढवावी. मग कधी काळी तो ट्रॅक्टर ओढ्यात गेलाच, तर घरचा माणूस बाहेर येऊन काठावर बसेल, आपल्या जुन्या सोबत्यासाठी चार अश्रू ढाळील, आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी परतेल.