जिरेटोप कुणाच्या डोक्यावर बसतो?

मंडळी, खळबळ माजवणारं नाटक म्हटलं की आपल्याला 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' आठवतात. दोन्ही १९७२ची, दोन्ही पुण्या-मुंबईत गाजलेली. आज हर्सूलला बसून आपण जरा मराठवाड्याकडे बघू. इथं खरा प्रश्न असा होता, की रंगमंचावर उभं राहून इतिहास सांगायचा हक्क कुणाचा?

आपल्याच शहरात नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय आहे, १९५०मध्ये सुरू झालेलं. तिथले म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. युगायुगांतून अस्पृश्यांवर होत आलेला अन्याय हा त्याचा विषय. १९५६च्या धर्मांतराच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. विचार करा, समोरचा प्रेक्षक त्याच दिवसांत आपलं आयुष्य बदलत होता! त्याच्याआधी सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी हीच वाट पाडली होती. ढोलकीवर गाणं, मध्येच सवाल, मध्येच टोला.

आता २०१२ला येऊ. 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला'. कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. तांगडे जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे, म्हणजे रामदासांच्या जन्मगावचे. बरेचसे कलाकारही जालन्याकडच्या खेड्यांतले, शेती-मातीतले. गोष्ट गमतीची आहे. यम महाराजांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार ज्या जिरेटोपात आहेत तो हरवतो. मग शोध सुरू होतो, हा टोप बसेल असं डोकं कुठाय? शेवटी दोन शाहिरांचा सवाल-जवाब रंगतो: महाराज नेमके कुणाचे?

हसवता हसवता हे नाटक नाजूक जागी बोट ठेवतं. गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' या १९८८च्या पुस्तिकेत रयतेचा राजा मांडला होता. पानसरेंची २०१५मध्ये हत्या झाली. म्हणजे असे प्रश्न विचारणं आपल्याकडे किती जोखमीचं आहे, ते लक्षात घ्या.

तरीही हे नाटक लोकांनी डोक्यावर घेतलं. आपल्याला कारण असं दिसतं, की त्यानं महाराजांवरचं प्रेम कुठंच सोडलं नाही. त्या प्रेमाच्याच बळावर त्यानं प्रेक्षकाला उलटा प्रश्न केला: जयंतीला नाचतोस, पण रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणणारा राजा तुला ठाऊक आहे का?

हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोरानं विचारला, की टाळता येत नाही.