नाव, घर आणि दप्तर : खानदेशच्या पाण्यावरील संसाराविषयी

मराठी काव्यपरंपरेत नाव विपुल आहे. पण ती बहुधा रूपकाची नाव आहे. संतांच्या वाणीत देह नाव होतो, नाम तारू होते आणि सद्गुरू नावाडी होतो. या नावेतून पार जायचे असते, तीत राहायचे नसते. ती कोणी विकत घेतलेली नसते. तिच्या सांध्यांतून पाणी झिरपले म्हणून कोणा नवराबायकोने उन्हाळ्याचे चार दिवस डांबर तापवण्यात घालवलेले नसतात. वस्तू म्हणून, मालमत्ता म्हणून आणि घर म्हणून नावेचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. या दृष्टीने खानदेश तपासण्याजोगा आहे. येथे नाव लोकजीवनात दोन वेगळ्या नात्यांनी आली, आणि दोन्ही वेळा तिच्यावर जगणाऱ्या माणसांपेक्षा तिच्याविषयीचे कागदच अधिक बोलके ठरले, असे आम्हांला वाटते.

पहिले नाते तापीचे. मुलताईला उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहणारी ही नदी सुरतेजवळ समुद्राला मिळते. जळगाव-धुळ्याचा सुपीक मुलूख तिचाच. पण ती त्या मुलखाशी फारशी सलगी करत नाही. तिचे काठ उंच, मातीचे आणि घळींनी फाटलेले आहेत. उन्हाळ्यात पात्र आटते, पावसाळ्यात तेच पात्र दोन्ही काठ तोडून टाकते. अशा नदीतून बाराही महिने मालवाहतूक चालणे कठीण. म्हणून येथील नाव लांबच्या प्रवासाची नव्हती. ती या काठाहून त्या काठाला जाण्याची होती. उन्हाळ्यात जेथून बैलगाडी उतरावी, तेथेच पावसाळ्यात नाव लागावी, असा हा व्यवहार होता. ती चालवणारा भोई किंवा कोळी रात्री काठावरच्या आपल्या घरी परतत असे. खानदेशात नाव घर झाली नाही, याचे कारण नदीच्या स्वभावात आहे.

दुसरे कारण राज्यव्यवस्थेत सापडते. १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने सार्वजनिक उतारांवरील कर, त्यांचा मक्ता आणि नावांवरील नियंत्रण यांची चौकट घालून दिली. नाव कोणाची, यापेक्षा उतार कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. नावाड्याचे कसब पिढीजात होते. पण ज्या जागी ते वापरायचे, त्या जागेचा हक्क मक्त्याने दिला-घेतला जाई. भुसावळजवळ १८६० च्या दशकात तापीवर रेल्वेचा पूल झाला, पुढे रस्त्यांचे पूल झाले आणि एकेक उतार निकामी होत गेला. मक्त्याला दप्तरात जागा मिळाली. नाव डागडुजीसाठी काठावर ओढली जाई तेव्हा घरातले कोण कोण हात लावत असे, हे मात्र दप्तराने विचारले नाही.

नाव घर कशी होते आणि तिला वाङ्मयात जागा कशी मिळते, हे पाहण्यासाठी इंग्लंडातील कालव्यांकडे वळणे उपयोगाचे आहे. तेथे रेल्वेच्या स्पर्धेत मालवाहू नावांचे भाडे घसरले, तेव्हा मदतनिसाची मजुरी वाचवण्यासाठी नावाड्यांनी बायकामुलांना नावेवर आणले. मागच्या टोकाची चिमुकली खोली हेच त्यांचे घर झाले. १८७७ च्या कायद्याने अशा नावांची राहती जागा म्हणून नोंदणी सुरू केली आणि एका खोलीत किती माणसांनी राहावे यावर मर्यादा घातली. आपल्याकडच्या कायद्याला नावेत उतारू दिसले, तेथल्या कायद्याला कुटुंब दिसले. नऊ वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन कायद्यांतला फरक लक्षणीय आहे.

पुढे १९३९ मध्ये टॉम रोल्ट आणि अँजेला हे नवविवाहित जोडपे ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी नाव बॅनबरीच्या कारखान्यात राहण्याजोगी करून घेऊन कालव्यांवर निघाले. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॅरो बोट’ या रोल्ट यांच्या पुस्तकाने विस्मृतीत चाललेल्या कालव्यांकडे लोकांचे लक्ष वेधले. १९४६ मध्ये जलमार्गांच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत रोल्ट होते. मात्र दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. संसार दोघांचा असला तरी पुस्तकावर नाव एकाचे आहे. आणि नावेवर राहणे हा या दांपत्याचा निर्णय होता. निवडलेल्या नावेला लेखक मिळाला. गरजेपोटी नावेवर आलेल्या कुटुंबांतील अनेकांना लिहिता-वाचताही येत नव्हते.

निवड आणि गरज यांतील हे अंतर मनात ठेवून खानदेशातील दुसऱ्या नात्याकडे पाहावे लागते. ते नर्मदेचे आहे. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा. त्याच्या उत्तर टोकाला, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या सीमेवरून, नर्मदा महाराष्ट्राला ५४ किलोमीटर स्पर्शून जाते. १ जुलै १९९८ पासून हा भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९७९ च्या जलविवाद लवादाच्या निवाड्यानंतर सरदार सरोवराचे काम पुढे सरकले. महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे बुडिताच्या क्षेत्रात आली. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले. धरणाची भिंत १९९९ नंतर टप्प्याटप्प्याने वाढत २००६ मध्ये १२१.९२ मीटरवर गेली. दरवाजे बंद झाल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरला.

काही कुटुंबे तळोद्याच्या वनजमिनीवर वा गुजरातेतील वसाहतींत गेली. जी डोंगरावर वर सरकून राहिली, त्यांचे शेत पाण्याखाली गेले आणि वाटही गेली. शेजारचा पाडा पूर्वी पायवाटेने जवळ होता, तो आता पाण्यापलीकडे गेला. या काठाला डुंगी अनोळखी नव्हती; खोड कोरून केलेली ती लहान नाव मासेमारीला आणि पलीकडे जायला पुरत असे. पण वाहत्या नदीचे ज्ञान साचलेल्या पाण्यात अपुरे पडते. नदीला धार असते, तिचे खडक ठाऊक असतात. जलाशयात वारा लाटा उठवतो, बुडालेल्या झाडांची खोडे पाण्याखाली उभी असतात आणि काठ एका जागी राहत नाही. पावसाळ्याअखेर घराच्या पायथ्याशी बांधलेली नाव उन्हाळ्यात खाली, गाळ तुडवत गाठावी लागते. शेतकऱ्याला नावाडी व्हावे लागले, तेही जुन्या नावाड्याचे ज्ञान ज्या पाण्याला लागू पडत नाही, अशा पाण्यावर.

अशी नाव ठेवणे म्हणजे आणखी एक जनावर पोसण्यासारखे आहे. लाकूड उन्हात तडकते, पाण्यात कुजते; सांधे पुन्हा पुन्हा भरावे लागतात; इंजिन असेल तर डिझेल डोंगरापलीकडून आणावे लागते. आणि हा सारा खर्च ज्याच्या नावावर काही नाही, त्याने करायचा. जमिनीचा सातबारा निघतो, नावेचा निघत नाही. येथे तर कसत असलेल्या वनजमिनीचाही कागद अनेकांपाशी नव्हता. पुनर्वसनाच्या हिशेबात जमीन मोजता येते. पाण्यावर जगायला शिकण्यात गेलेली वर्षे कोणत्या तक्त्यात बसवायची?

त्या शिकण्याची किंमत अधूनमधून बातमीत दिसते. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या पूजेसाठी भुषा गावाजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली; त्यात मुलेही दगावली. या जलाशयात तरंगता दवाखाना चालवण्यात आला, याचा अर्थ उघड आहे : येथे रोग्याचे भवितव्य नावेच्या बांधणीवर अवलंबून असते. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात बालकांना आणि गरोदर स्त्रियांना घेऊन अंगणवाडीपर्यंत येणाऱ्या नावा थांबल्या. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराची नाव मागून घेतली आणि आहार व औषधे घेऊन त्या स्वतः वल्हवत पाड्यांवर जाऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांच्या धाडसाचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण आम्हांला त्या वृत्तातला दुसरा तपशील अधिक बोलका वाटतो. वल्हे मारणे त्यांना आधीपासून येत होते. वल्हवणारी स्त्री येथे नवी नव्हती. ती नोंदली गेली, हे नवे होते.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. भिली आणि पावरी बोलणाऱ्या या घरांत नाव घेण्याचे, तिची गळती बुजवण्याचे, तिच्यात बसून बाळंतिणीला नेण्याचे अनुभव बोलण्यात आहेत, लेखनात नाहीत. १९९३ नंतर जन्मलेल्या मुलांना जलाशय हीच वाट वाटते. पायवाट आठवणारी माणसे आता म्हातारी होत आहेत. दोघांच्याही शब्दांची टिपणे आत्ता झाली नाहीत, तर पुढच्या अभ्यासकाला तापीच्या उतारांबाबत जे मिळाले तेच नर्मदेबाबत मिळेल : पाण्याची पातळी मीटरमध्ये, आणि माणसे फक्त संख्येत.