घराजोगा पोपट

लांबलचक गोष्टीला आपण मराठीत 'कादंबरी' म्हणतो. हे नाव ज्या पुस्तकावरून आलं, त्यातली गोष्ट एक पोपट सांगतो, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर संस्कृतच्या तासाला थोडी जागी राहिले असते :-)

बाणभट्टाची 'कादंबरी' सातव्या शतकातली. शूद्रक राजाच्या दरबारात पिंजऱ्यातून आणलेला वैशंपायन नावाचा पोपट आपली हकिकत सांगू लागतो, ती एका प्रचंड सावरीच्या झाडापासून. झाडावर पोपटांची वस्ती. एक म्हातारा शबर वर चढतो, ढोल्यांतून पिल्लं फळं तोडावीत तशी काढतो आणि मारून खाली टाकतो. वैशंपायन बापाच्या पंखांत लपलेला असतो म्हणून वाचतो. पुढे प्रेमकथा वगैरे सुरू होते, पण मला आठवतं ते हे झाड. कारण ढोलीत हात घालायची पद्धत चौदाशे वर्षांत बदललेली नाही. फक्त आता पिल्लं मारत नाहीत, जिवंत पिल्लाला गिऱ्हाईक असतं.

मोठा पोपट धरायची युक्ती वेगळी. ती ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. नळी अशी टांगायची की ती गरगर फिरेल. पोपट येऊन बसला की त्याच्याच वजनाने नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. पाय सोडले तर उडून जाईल, पण त्याला वाटतं आपण अडकलो, म्हणून तो नळी अधिकच घट्ट धरतो. ज्ञानेश्वरांना यातून जीवाचं स्वतःच बांधून घेणं दाखवायचं आहे, ते बरोबरच आहे. मला मात्र गंमत वाटते ती ही की १२९० साली नेवाशात बसलेल्या श्रोत्यांना ही नळी काय असते हे समजावून सांगावं लागलं नाही. म्हणजे ती गावोगाव माहीत असणार.

पण नळीवर धरलेला मोठा पोपट सहसा बोलायला शिकत नाही. बोलका हवा तर पिल्लूच लागतं. आणि हवा असायचा तो बोलकाच. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही चक्क एक कला आहे. अमरुशतकात तर एक मजेदार प्रसंग आहे. नवराबायको रात्री जे बोलले ते घरातला पोपट सकाळी वडीलधाऱ्यांसमोर बोलून दाखवू लागतो, तेव्हा ती लाजून कानातलं माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत कोंबते. हा श्लोक पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राजवाडा दिसलाच नाही. दादरची चाळ दिसली.

आता दादरकडे येते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या शेतवाडीत रस्ते, बागा, प्लॉट आखले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्यातलीच. तिथे ब्लॉक होते, बाल्कन्या होत्या. पण गिरण्यांच्या बाजूचं दादर चाळींचं. आजी-आजोबांची खोली अशाच एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर होती. एक खोली, मोरी, आणि बाहेर सगळ्यांची मिळून लांब गॅलरी. गॅलरीत दोरीवर कपडे, कपड्यांपलीकडे पिंजरा.

तो मिठू कुणी 'निवडला' नव्हता. आजोबांनी क्रॉफर्ड मार्केटातून आणला, एवढंच. निवडायला होतं काय? गळ्याला गुलाबी कंठी असलेला नेहमीचा राघू, किंवा खांद्यावर लाल ठिपका असलेला मोठा, ज्याला विकणारे पहाडी म्हणत. (त्या मोठ्याला इंग्रजीत थेट अलेक्झांडर बादशहाचं नाव आहे. आमच्या गॅलरीत एवढा मानाचा पाहुणा परवडला नसता.) वाटीत भिजवलेली चण्याची डाळ, पेरूची फोड, आणि जीभ वळावी म्हणून हिरवी मिरची. मिरचीने जीभ वळत नाही. पोपट ती मजेत खातो, कारण पक्ष्यांना तिचा तिखटपणा लागतच नाही.

तरी तो बोलायचा. त्याचं कारण मिरची नसून चाळ, असं आता वाटतं. रानातला पोपट एकटा नसतो. थव्याने खातो, संध्याकाळी शेकड्यांनी एकाच झाडावर झोपायला येतो. पिंजऱ्यातल्या पोपटाला माणसं हाच थवा. आणि चाळीत माणसं कधी नव्हती? पहाटे नळाचं पाणी, मग पहिल्या पाळीची गडबड, दुपारी बायकांची निवडणं-टिपणं, शाळेतून आलेली पोरं, रात्रपाळीहून येणारे. येता-जाता प्रत्येक जण त्याला 'काय मिठू' म्हणून जायचा. मी त्या काळाला सोन्याचा मुलामा देत नाही. पिंजरा गोल आणि एवढासा होता, मिठूला पंख पूर्ण पसरता येत नव्हते, आणि पिल्लू असताना त्याच्यासोबतची किती वाटेत मेली असतील ते कुणी विचारत नव्हतं. पण एकटा मात्र तो नव्हता.

मिठू दोन गोष्टी बेमालूम करायचा. एक गिरणीचा भोंगा. दुसरी आजोबांची हाक. रात्रपाळीहून आल्यावर ते दाराशी 'अगं, उघड' म्हणायचे, तेच, त्याच थकलेल्या आवाजात. आजोबा १९७८ मध्ये गेले. मिठू सकाळी सातला 'अगं, उघड' म्हणतच राहिला. आजी पहिले काही दिवस उठून दारापर्यंत जायची, मग पिंजऱ्यावर लुगडं टाकायला लागली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, भोंगे थांबले, मिठूचा भोंगा चालूच होता. चाळीत कुणी हसायचं, कुणाला ते सहन व्हायचं नाही. १९८६ मध्ये मिठू गेला. आजीने दुसरा आणू दिला नाही.

मनात आलं असतं तरी पुढे तो आणता आला नसता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपले रानातले पोपट पकडायला पूर्ण बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या, ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'हा घरातच जन्मलेला आहे हो' असं विकणारा सांगतो. मलाही एकाने टोपलीवरचं फडकं बाजूला करून तसंच सांगितलं. आत पंखही न फुटलेली तीन पिल्लं होती. घरात जन्मला असला तरी देशी पोपट पाळता येत नाही.

गंमत बघा, प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत जगातले जवळजवळ सगळे पोपट आहेत, आणि वगळलेल्या चार जातींत आपला राघू आहे. जगाला तो विपुल वाटतो. लंडनच्या बागांत पिंजऱ्यातून सुटलेल्यांचे थवेच्या थवे आहेत. दादरमध्ये मात्र तो पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा. मला आपला कायदाच बरोबर वाटतो, कारण ढोल्या इथल्या झाडांच्या आहेत.

म्हणजे आज घरात आणायचा तर परदेशीच. मुंबईत सगळे ज्याला 'लव्हबर्ड' म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो, ऑस्ट्रेलियाचा. जॉन गोल्डने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून जगभर पसरला. ऑस्ट्रेलियाने आपले पक्षी विकायला बाहेर पाठवणं केव्हाच बंद केलंय, त्यामुळे दुकानातला बजरीगर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातलाच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, छोटे आणि भांडखोर. तुरेवाला कॉकाटील पुन्हा ऑस्ट्रेलियाचा, स्वभावाने गरीब. आणि मग सगळ्यांचा दादा, आफ्रिकन ग्रे.

इथे आमच्या घरातला प्रश्न येतो. बाबा गेल्यापासून आई दिवसभर एकटी असते. चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर, दार बंद, शेजारचंही बंद. भाऊ म्हणाला, "ताई, आईला ग्रे घेऊन देऊया. बोलायला कुणीतरी होईल." त्याने अ‍ॅलेक्सबद्दल वाचलं होतं. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोच्या दुकानातून घेतलेला ग्रे, जो रंग, आकार ओळखून सांगायचा, मोजायचा. तो २००७ मध्ये एकतीस वर्षांचा होऊन गेला, आणि ग्रेच्या मानाने ते अकालीच.

कारण ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. भावाची मुलगी नऊ. हिशोब करून पाहिला तर तो पोपट आईचा नव्हे, त्या नऊ वर्षांच्या मुलीचा, तिला न विचारता तिच्या गळ्यात. बरं, त्याला दिवसाचे कित्येक तास संगत लागते. ती नाही मिळाली तर तो स्वतःची पिसं उपटतो, छाती उघडी पडेपर्यंत. आईचे गुडघे, आईची डॉक्टरची फेरी, वर्षातून दोन महिने भावाकडे पुण्याला, या सगळ्यात त्याने काय करायचं? शिवाय २०१७ पासून साइट्सच्या सर्वांत कडक यादीत तो आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणी, हस्तांतर, मृत्यू, सगळं कळवायचं. घराच्या सातबाऱ्यासारखंच प्रकरण.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी बोलत नाही. ग्रे आणि कॉकाटील यांच्या पिसांतून बारीक पावडर सतत पडते. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये बंद केला तेव्हा किती वाद झाला, पण विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसं बिघडतात हे त्यात प्रत्येकाच्या कानावर पडलं. आईला थंडीत दमा होतो. बंद खिडक्यांच्या घरात कॉकाटीलसुद्धा मी आणणार नाही. आणि नॉनस्टिक तवा! तो रिकामा तापला तर त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. आजीच्या स्टोव्हच्या रॉकेलच्या वासात मिठू जगला, आजच्या चकचकीत ओट्याजवळ तो जगला नसता.

लोक विचारतात, कुठला पोपट आमच्या घराला शोभेल. मी आता उलट विचारते. दिवसभर घरी कोण? दमा कुणाला? गावाला गेलात तर किल्ली कुणाकडे? पहाटेची किरकिर खालच्या मजल्याला चालेल? आणि तुमच्यानंतर त्याला कोण घेईल, नावानिशी सांगा. पाचवं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात.

आईला मी हे सगळं सांगायच्या आधीच तिने ग्रेला नाही म्हटलं. वर्षं वगैरे मोजून नाही. "तो माझा आवाज उचलेल," ती म्हणाली. "मी गेल्यावर तुम्ही कुणी त्याच्यावर लुगडं टाकत बसू नका."

मग ठरले दोन बजरीगर, एक निळा, एक हिरवा. आयुष्य पाच ते दहा वर्षं, पावडर फारशी नाही, आवाज बारीक, आणि जोडी असल्यामुळे आई पुण्याला गेली तरी एकमेकांची सोबत. त्या दिवसांत दाणापाण्याला वरच्या मजल्यावरची काकू तयार आहे, तिचं नाव आईने कॅलेंडरवर लिहूनही ठेवलंय. पिंजरा उंच नको, लांब हवा, म्हणजे आडवं उडता येईल, इथपर्यंत एकमत झालं. तो कुठे ठेवायचा यावर मात्र अजून फोन चालू आहेत. ओट्यापासून लांब, एवढंच नक्की झालंय.