पान लागलं, पण खूण कुठेच नाही

पोस्ट मोठी आहे, पण आपल्या महाड-पोलादपूरच्या प्रत्येक घराशी संबंधित आहे. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच लिहितोय. शेवटपर्यंत वाचा.

1983 चा आषाढ. लावणीचे दिवस. मी चौथीत होतो. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत माझी काकू पहाटे चारच्या सुमारास पोट धरून उठली. आदल्या दिवशी दिवसभर चिखलात वाकून लावणी केलेली, रात्री आम्हा पोरांबरोबर जमिनीवरच झोपलेली. आजीने ओवा चावायला दिला. थोड्या वेळाने उलटी झाली. उजाडलं तेव्हा काकूच्या पापण्या खाली यायला लागल्या होत्या. आजी म्हणत होती, "अगं, डोळे उघड." काकू म्हणाली, "उघडंच हायेत, पन दोन-दोन दिसतंय." तिचं कळलेलं शेवटचं वाक्य तेच. नंतर जीभ जड झाली, लाळ गिळता येईना, मान टाकली.

कोणी म्हणालं वारं गेलं. कोणी म्हणालं बाहेरचं आहे. भगत आला, त्यात तासभर गेला. मग डोलीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणलं, जीप मिळेपर्यंत आणखी तास गेला. दवाखान्यात पोटदुखीचं इंजेक्शन दिलं. दुपारच्या आत काकू गेली. अंगावर जखम नाही, सूज नाही, दाताची खूण नाही. "हार्ट बंद पडलं" एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. हार्ट शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. ते का बंद पडलं, हे कोणी विचारलं नाही.

आठवड्याने पडवीतला पेंढा हलवताना एक जनावर निघालं. काळंनिळं, अंगावर बारीक पांढरे पट्टे. मण्यार. बापयांनी मारून टाकलं. पेंढ्यातलं जनावर आणि काकूचं मरण, यांचा संबंध कोणीच जोडला नाही. मलाही तो जोडायला वीस वर्षं लागली, आणि जोडता आला तो महाडच्याच एका डॉक्टरांच्या कामामुळे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव आपल्याकडे कोणाला सांगायला नको. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा माणूस 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. त्या काळी विंचू चावून धडधाकट माणसं, पोरं मरत होती. पुस्तकात याचं धड उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी काय केलं? रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, किती वाजता काय झालं ते लिहीत गेले. त्यातून कळलं की विंचवाच्या विषाने आधी रक्तदाब भडकतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. ही लक्षणं त्यांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी यावर चालते, हे 1986 मध्ये त्याच नियतकालिकात छापून आलं. विंचूदंशातले मृत्यू 40 टक्क्यांच्या घरातून 1 टक्क्यापर्यंत खाली आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण बॅनर लावले.

पण बॅनरवर नेहमी विंचूच असतो. बावस्कर पती-पत्नींनी याच भागात सर्पदंशावरही तितक्याच चिकाटीने काम केलं. मण्यार आणि नाग यांच्या दंशावरचा त्यांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीवर झोपलेला माणूस, मध्यरात्र ते पहाटेची वेळ, आधी पोटदुखी, मग जड पापण्या, मग श्वास. तो क्रम वाचताना मला आमची पडवी दिसत होती. काकूला मण्यारच चावली हे आज सिद्ध करता येणार नाही. पण एकही लक्षण असं नाही जे जुळत नाही.

फुरसं किंवा घोणस चावली की आग होते, सूज येते, रक्त येतं. घर जागं होतं. मण्यार रात्री उंदरांच्या मागे घरात शिरते. तिचे दात बारीक. चावा मुंगी-डासाइतका वाटतो, कित्येकदा झोपही मोडत नाही. सूज नाही, खूण शोधूनही सापडत नाही. विष मात्र जिथे नस स्नायूला हुकूम देते नेमकं तिथे जाऊन बसतं. मेंदू शाबूत, स्नायू शाबूत, मधला निरोप्याच मेलेला. म्हणून आधी पापण्या पडतात, मग गिळणं थांबतं, शेवटी छातीचा भाता थांबतो.

आणि सगळ्यात भयंकर गोष्ट ही की माणूस बऱ्याचदा शुद्धीवर असतो. डोळे उघडता येत नाहीत, बोट हलत नाही, पण उशाशी चाललेली रडारड ऐकू येत असते. मी हे वाचलं त्या रात्री झोपलो नाही. काकू शांत पडली होती म्हणून आम्ही तिच्यासमोरच "काय खरं नाही" असं बोलत होतो.

साप चावल्यावर देतात ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. पण मण्यारीचं विष नसेच्या टोकाला धरून बसल्यावर लस ते सोडवू शकत नाही. जे विष अजून रक्तात फिरतंय, तेवढंच ती आवरते. म्हणून इथे तास नाही, मिनिटं मोजायची. उशीर झालाच तर माणसाला यंत्राने श्वास देत ठेवावा लागतो, कधी काही दिवस, कधी आठवडे. तेवढ्या काळात नसांची टोकं पुन्हा वाढतात आणि माणूस उठून घरी चालत जातो. म्हणजे हा मृत्यू अटळ नाही. फक्त कोणीतरी वेळेत ओळखायला हवं आणि श्वास चालू ठेवायला हवा.

हे फक्त डॉक्टरांचं प्रकरण नाही, कारभाराचंही आहे. गावोगावी जाऊन, घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण शोधणारा एक मोठा अभ्यास आपल्या देशात झाला. त्यातून 2005 या एका वर्षात भारतात सुमारे 45,900 लोक सर्पदंशाने गेले असा अंदाज निघाला. त्यातले पाऊणहून जास्त मृत्यू दवाखान्याबाहेरचे होते. म्हणजे कुठल्याच दवाखान्याच्या वहीत नाहीत. ज्यांना खूणच नव्हती, आमच्या काकूसारख्या, त्या तर घरच्यांच्या तोंडीही 'सर्पदंश' म्हणून येणार नाहीत. वहीत नाव नाही म्हणजे लसीची मागणी नाही. आणि शेतकरी अपघाताच्या सरकारी योजनेत सर्पदंश धरलेला असला तरी कागदावर तो शब्दच नसेल, तर मागे राहिलेल्यांनी काय दाखवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. केंद्राने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना कळवलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. कागद चांगला आहे. पण आंबेनळी, वरंध घाटाखालच्या वाड्यांत पावसात रात्री काय होतं, ते त्या कागदाला माहीत नाही. जिल्हा रुग्णालय अलिबागला. 108 ला फोन लावायला आधी रेंज हवी.

म्हणून दोन गोष्टी.

पहिली, आपल्या घरासाठी. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, खाट वापरा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि ती अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचा. पेंढा, लाकूडफाटा झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, तर त्याला वर बघायला सांगा, पापणी उचलतेय का पहा. एका दमात आकडे मोजायला लावा, आधीपेक्षा कमी मोजतोय का पहा. तसं झालं तर खूण शोधत बसू नका, आवळून बांधू नका, कापू नका, काही पाजू नका. लाळ येत असेल तर कुशीवर ठेवा आणि निघा. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा: "जमिनीवर झोपला होता, पहाटेपासून असं झालंय." आणि त्याच्याशी बोलत राहा. तो ऐकतोय.

दुसरी, आपल्या ग्रामसभेसाठी. आपल्या आरोग्य केंद्रात आज लसीच्या किती कुप्या आहेत? रात्रीच्या ड्युटीवरच्या माणसाला हाताने श्वास देण्याची अंबू बॅग वापरता येते का? व्हेंटिलेटर सर्वात जवळ कुठे आहे, आणि तिथपर्यंत बॅग दाबत कोण जाणार? हे प्रश्न लेखी विचारा, उत्तर लेखी मागा. माझा रोख कोणा एका डॉक्टरवर नाही. 1983 मध्ये त्या दवाखान्यात जे होते, त्यांनाही कोणी शिकवलं नव्हतं.

बिरवाडीच्या त्या तरुण डॉक्टरकडे यंत्रं नव्हती. रुग्ण सांगतोय ते खरं मानून बसून राहण्याची तयारी तेवढी होती. आमची काकू सांगत होती, "दोन-दोन दिसतंय." आम्ही ऐकलं, पण त्याचा अर्थ लावायला कोणी नव्हतं. आज अर्थ माहीत आहे. आता कोणाच्या घरात असं झालं, तर ते न कळल्यामुळे झालं असं म्हणायची सोय आपल्याला उरलेली नाही.

तुमच्या वाडीतही असं पहाटेचं, खूण नसलेलं मरण कोणी पाहिलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. नाव नको, गाव आणि महिना पुरे. निदान आपली वही तरी आपण भरू.