जामिनीबाबूंचे घरचे कलादालन

आद्रा डिव्हिजनमध्ये काम केलेल्यांना बांकुड्याहून मसाग्रामकडे जाणारी लाईन ठाऊक असेल. पूर्वी ती अडीच फुटी नॅरोगेज होती, आता ब्रॉडगेज आहे. तिच्यावरचे बेलियातोड हे चित्रकार जामिनी रॉय यांचे गाव. जन्म १८८७ चा.

कोलकात्याच्या सरकारी आर्ट स्कूलमध्ये ते साहेबी पद्धतीची तैलचित्रे शिकले. पोर्ट्रेट काढून पोट भरत. पुढे कालीघाटच्या पटचित्रांनी आणि गावाकडच्या पटुआंनी त्यांचा हात बदलला. विलायती ट्यूब सोडून ते काजळी, नीळ, हिंगूळ, हरताळ आणि चिंचोक्याची खळ वापरू लागले.

एवढे पुस्तकांत मिळते. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांनी चित्रे विकली कुठे. १९३१ साली बागबाजारच्या राहत्या घरीच त्यांनी प्रदर्शन मांडले. उद्घाटनाला स्टेला क्रामरिश. एक खोली तर आल्पना, दिवे आणि बसके पाट मांडून थेट बंगाली घरासारखी सजवलेली! दुसऱ्या महायुद्धात कोलकात्यात आलेले अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिक त्यांच्या दारी येऊन चित्रे नेत. १९४९ मध्ये बिऱ्हाड बालीगंजच्या नव्या घरात गेले, तिथेही खालच्या मजल्यावर चित्रे मांडलेली. दलाल नाही, दुकान नाही. किंमत मुद्दाम कमी, कारण साध्या पगारदाराच्या भिंतीवरही चित्र लागावे ही त्यांची इच्छा.

मग मागणीला एकटा हात कसा पुरणार? एकच चित्र पुन्हापुन्हा काढले जाई, मुलगा आणि घरचे लोक हातभार लावत, सही जामिनीबाबूंची. हा तर कारखाना, म्हणून जाणकारांनी नाके मुरडली. वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेल्या मला हा शब्द काही शिवी वाटत नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्यांच्या देवघरात पोहोचली ती छापूनच. जामिनीबाबूंनी तेच काम हाताने केले. मात्र या पद्धतीमुळे नकली चित्रे करणाऱ्यांचे फावले, आणि अस्सल कोणते हे ठरवताना आज तज्ज्ञांचीही दमछाक होते, हेही खरे.

१९७२ मध्ये ते गेले. १९७६ मध्ये सरकारने त्यांची चित्रे राष्ट्रीय कलाठेवा ठरवली. भारतात असलेली ती चित्रे आता देशाबाहेर नेता येत नाहीत. २०२३ मध्ये बालीगंजचे घर डीएजी या खाजगी कलादालनाने विकत घेऊन तिथे संग्रहालय करण्याचे जाहीर केले. ज्या घराने बाजाराला उंबऱ्याबाहेर ठेवले, ते बाजारातल्याच एका मोठ्या पेढीकडे गेले, हे थोडे टोचते. पण बालीगंजात अशा जुन्या घरांच्या जागी काय उभे राहते, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. घर उभे आहे, याचा मला आनंदच आहे.