बूडापेस्ट ज्ञापन

युक्रेनने अण्वस्त्रांचा त्याग केल्याच्या संदर्भात अमेरिका, रशिया व ग्रेट ब्रिटन यांनी त्या देशाला सुरक्षिततेविषयी दिलेल्या आश्वासनांचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज. त्यावर ५ डिसेंबर १९९४ रोजी हंगेरीच्या राजधानीत बिल क्लिंटन, बरीस येल्त्सिन, जॉन मेजर व युक्रेनचे अध्यक्ष लेओनीद कुचमा यांनी सह्या केल्या.

सोव्हिएट संघाचे १९९१ मध्ये विघटन झाले, तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सु. १,९०० दूरमारी अण्वस्त्रे व १७६ आंतरखंडीय क्षेपणास्त्रे होती. संख्येने हा साठा जगात तिसरा होता. मात्र तो डागण्याची नियंत्रणयंत्रणा मॉस्कोच्या हाती असल्यामुळे युक्रेनला त्या काळी अण्वस्त्रसत्ता म्हणणे फारसे अचूक नाही. चेर्नोबिल दुर्घटनेची (१९८६) स्मृती ताजी होती आणि अण्वस्त्रे न बाळगण्याचे तत्त्व १६ जुलै १९९० च्या सार्वभौमत्वाच्या जाहीरनाम्यातच नमूद झाले होते. तरीही युक्रेनच्या संसदेने शस्त्रत्यागास मान्यता देण्यास विलंब लावला. जुलै १९९३ मध्ये रशियन संसदेने क्रिमियातील सेव्हास्तोपोल हे शहर रशियाचे असल्याचा ठराव केला, त्यामुळे तिची भीती अनाठायी होती असे म्हणता येत नाही. अखेर १४ जानेवारी १९९४ च्या त्रिपक्षीय निवेदनाने मार्ग मोकळा झाला. अण्वस्त्रांच्या मोबदल्यात युक्रेनला अणुवीजकेंद्रांसाठी इंधन मिळावयाचे होते. जून १९९६ पर्यंत सर्व अण्वस्त्रे रशियाकडे रवाना झाली.

ज्ञापनात युक्रेनचे स्वातंत्र्य व विद्यमान सीमा यांचा आदर करणे, बळाचा वा आर्थिक दडपणाचा वापर न करणे, अण्वस्त्रांच्या साहाय्याने आक्रमण झाल्यास सुरक्षा परिषदेकडे तत्काळ धाव घेणे आणि बांधिलकीविषयी प्रश्न उद्‌भवल्यास विचारविनिमय करणे, ही कलमे होती. लष्करी साहाय्याचे कलम त्यात नव्हते. इंग्रजी मसुद्यात ‘आश्वासन’ या अर्थाचा शब्द योजलेला होता. युक्रेनियन व रशियन मसुद्यांत मात्र ‘हमी’ या अर्थाचा शब्द आला. तिन्ही भाषांतील मसुदे सारखेच अधिकृत मानलेले असल्याने हा केवळ भाषांतराचा प्रश्न नव्हता. अमेरिकेने संरक्षणाची हमी देण्याचे हेतुपुरस्सर टाळले होते आणि युक्रेनच्या प्रतिनिधींनाही त्याची कल्पना होती.

रशियाने मार्च २०१४ मध्ये क्रिमिया आपल्यात विलीन करून घेतला. ५ मार्च रोजी पॅरिस येथे अमेरिका, ब्रिटन व युक्रेन यांची ज्ञापनाच्या आधारे बैठक झाली. रशियाचे परराष्ट्रमंत्री सिर्ग्येई लाव्ह्‌रोव्ह त्या दिवशी पॅरिसमध्येच असूनही तीत सहभागी झाले नाहीत. १५ मार्चचा सुरक्षा परिषदेतील ठराव रशियाच्या नकाराधिकाराने फेटाळला गेला. ज्या परिषदेकडे ज्ञापनाने बोट दाखविले होते, तिच्यात ज्ञापनाचा एक स्वाक्षरीकर्ताच कायम सदस्य होता.

यानंतर युक्रेनच्या परराष्ट्रधोरणातील अलिप्ततेचा पुरस्कार मागे पडला. २०१० च्या कायद्यातील गटनिरपेक्षतेची तरतूद डिसेंबर २०१४ मध्ये रद्द झाली आणि नाटोच्या सदस्यत्वाचे उद्दिष्ट २०१९ मध्ये संविधानात समाविष्ट झाले. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पूर्ण आक्रमण केले, त्याच्या पाच दिवस आधी अध्यक्ष व्हलोदिमिर झेलेन्स्की यांनी म्यूनिक येथे ज्ञापनानुसार विचारविनिमयाची मागणी केली होती.